घडीच्या स्टुलावरचा शेरा

शेरेबहाद्दर हे नाव त्याला बायकोने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की त्याचं खरं नाव आता फक्त बँकेत आणि दंतवैद्याकडे उरलं होतं. धंद्याने तो वेबसाइट बनवायचा. नोकरी नाही, साहेब नाही. मालकही तोच आणि शिपाईही तोच. घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, दोन स्क्रीन आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल एक ठाम मत, एवढ्या भांडवलावर त्याचं बरं चाललं होतं.

ही मतं तो स्वतःच्या साइटवर ‘शेरे’ नावाच्या पानावर टाकायचा. तिथे तीनच श्रेणी होत्या: ‘ठेवा’, ‘चालवून घ्या’ आणि ‘दुसऱ्याला भेट द्या’. ऑनलाइन मीटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल त्याने लिहिलं होतं की अर्धा वेळ ‘माझा आवाज येतोय का’ यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात तो आला नसता तर बरं झालं असतं असं वाटतं. कोड लिहून देणारा एक नवा यंत्रमदतनीस निघाला होता. काहीही विचारलं की तो आधी ‘फार छान प्रश्न’ म्हणायचा. त्याच्यापुढे शेरा होता: ‘असं माझ्याशी आजवर फक्त विमा एजंट बोललेत.’ पाणी प्यायची आठवण करून देणाऱ्या बाटलीला उद्देशून त्याने कळवलं होतं की तहान नावाची सोय आधीपासून फुकट उपलब्ध आहे. बटण दाबताच उघडणारी छत्री मुख्यतः लिफ्टमध्ये उघडते, हेही त्याने लोकांच्या हितासाठी नोंदवून ठेवलं होतं. बहुतेक वस्तू तिसऱ्या श्रेणीत जायच्या. त्यामुळे त्याच्याकडून भेट आली की नातेवाईक कागद फाडायच्या आधी एकमेकांची तोंडं बघायचे.

वेबसाइट बनवायच्या तयार साधनांवर तर त्याचा विशेष राग. ती जाडी आहेत, सुस्त आहेत, एक बटण हवं असलं तर सोबत चाळीस गळ्यात मारतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने स्वतःचंच एक साधन रचलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘सरळ’. सरळमध्ये कच्चा मसुदा नावाची भानगड नव्हती. लिहिलं, बटण दाबलं, की सगळं साइटवर गेलं. ‘तुमची खात्री आहे का?’ असंही ते कधी विचारत नसे, कारण मोठ्या माणसाला असं विचारणं हा अपमान आहे, यावर शेरेबहाद्दरने एक लांबलचक टिपण लिहिलेलं होतं. कामाची साइट आणि चाचणीची साइट वेगळी ठेवणाऱ्या मंडळींना तो भित्रे म्हणायचा. आणि हे सगळं अगदी छान चाललं होतं, सासूबाईंची साइट हातात येईपर्यंत.

सासूबाईंचं घरगुती वस्तूंचं दुकान होतं. मिक्सर, इस्त्र्या, टोस्टर, टेबलफॅन, आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेली घडीची स्टुलं. बाकीचा माल कंपन्यांचा. स्टूल मात्र खुद्द सासऱ्यांच्या डोक्यातून निघालेलं. लोखंडी नळ्यांचे पाय, वर लाकडी पाट, एका झटक्यात उघडायचं आणि दुसऱ्या झटक्यात बोट चिमटायचं. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सासूबाई दुकान उघडत, गल्ल्यावर बसत, दुकान बंद करत. बोलायच्या पुरतंच, हसणं तर बंदच झालेलं.

पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याला आपल्या दुसऱ्या दुकानासाठी जागा हवी होती. तो अधूनमधून गोड बोलत डोकावून जायचा. अशात एक दिवस सासूबाई लेकीला म्हणाल्या, “वेबसाइट करून बघू. दुकानात जीव लागला परत तर ठीक, नाहीतर देऊन टाकते त्या बेकरीवाल्याला आणि घरी बसते.” घरी बसते म्हणजे काय, हे लेकीला नीट माहीत होतं. पडदे ओढलेली खोली आणि खिडकीकडे पाठ केलेली खुर्ची.

“वर्षभरात पहिल्यांदा तिने काहीतरी करून बघू म्हटलंय,” बायको शेरेबहाद्दरला म्हणाली. “वाट लावू नकोस.”

“मी?” तो म्हणाला.

“तूच. दुसरा कोण आहे घरात?”

काम झकास सुरू झालं. सासूबाई एकेका वस्तूचं वर्णन स्वतः सांगणार होत्या, पण त्यांना सुचायला वेळ लागत होता. तोवर पानं कशी दिसतात हे बघायला त्या जागी काहीतरी मजकूर हवा. या धंद्यातली माणसं अशा वेळी अर्थ नसलेला कसला तरी लॅटिन भासणारा मजकूर भरतात. शेरेबहाद्दरला त्याचाही तिटकारा होता. निरर्थक मजकूर भरून पान तपासणं म्हणजे कपड्यांचं माप खांबावर घेणं, असं तो म्हणायचा. तेव्हा प्रत्येक वस्तूखाली त्याने आपला शेरा लिहून टाकला. मनाला येईल ते लिहिलं. कोण वाचणार होतं?

मिक्सरखाली लिहिलं: ‘चटणी बारीक होते. शेजाऱ्यांशी असलेले संबंधही.’ टोस्टरखाली: ‘याला पाव भाजण्याच्या दोनच पायऱ्या ठाऊक आहेत, अजून नाही आणि आता उपयोग नाही.’ इस्त्रीची वायर इतकी आखूड होती की त्याने लिहिलं, ‘कपडे प्लगजवळ राहायला न्यावेत.’ मग स्टूल आलं. आता या स्टुलाशी त्याचं जुनं वैर. सासुरवाडीला गेलं की मानाने त्याला तेच बसायला मिळायचं, आणि सासरे समोर उभे राहून विचारायचे, “कसं आहे?” तो हलत डुलत म्हणायचा, “उत्तम.” सासऱ्यांना तोंडावर काही सांगायची त्याची छाती नव्हती. इतक्या वर्षांची ती मळमळ त्या दिवशी बाहेर आली. त्याने लिहिलं: ‘या स्टुलाच्या चार पायांचं आपापसात पटत नाही. बनवणाऱ्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नसावं, आणि स्टूलही त्याच्यावरच गेलंय. बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावं.’ लिहून झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो आला. तो फोनवर कसा दिसतो ते बघायचं म्हणून त्याने सरळमधलं एकुलतं एक बटण दाबलं आणि चहा गाळायला स्वयंपाकघरात गेला. सरळने काही विचारलं नाही. फोटो साइटवर चढवला, त्याच्याबरोबर सगळे शेरे चढवले, आणि ‘आमची साइट सुरू झाली’ असा संदेश, खाली प्रत्येक वस्तूचं वर्णन जोडून, दुकानाच्या झाडून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना धाडून दिला. ही संदेश धाडायची सोय शेरेबहाद्दरने आठवड्यापूर्वीच मोठ्या कौतुकाने बसवली होती आणि विसरूनही गेला होता.

चहा कपात पडायच्या आत बायकोचा फोन आला. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची.

“माझ्यासमोर आईचं एक जुनं गिऱ्हाईक बसलंय,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “म्हटलं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा. तर फोन काढून म्हणतात, थांबा, हे वाचतो, जास्त मजा आहे. मिक्सरचं वाचून दाखवलं त्यांनी मला. टोस्टरचंही वाचलं. चष्म्याशिवाय वाचलं.”

शेरेबहाद्दरने गाळणं तसंच ओट्यावर ठेवलं. “सगळं गेलं?”

“स्टुलाचंही लिहिलंयस तू?”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“आईकडे जा,” ती शेवटी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. मी निघतेच आहे.”

त्याने फोन ठेवला आणि धावत टेबलाशी येऊन शेरे पुसायला बसला. धाडलेले संदेश परत येणार नव्हतेच, निदान साइट तरी साफ करावी. पहिला मिक्सर पुसतोय तोच सासूबाईंचा फोन आला.

“जावईबापू, काही पुसू नका.”

“आई, मी काय सांगतो, ते खरं म्हणजे...”

“आहे तसं राहू द्या. आणि इकडे या.” फोन बंद.

वाटेत त्याने माफीची निरनिराळी भाषणं जुळवली आणि एकही धड जमेना. सासरे त्याला आवडायचे, हीच तर गोची होती. हट्टी, तापट, पण त्याच्या कामाबद्दल खोदून खोदून विचारणारा तो एकच माणूस होता त्या घरात. गेलेल्या माणसाच्या हातच्या वस्तूची आपण गावभर टिंगल केली आणि ती त्याच्या बायकोने गल्ल्यावर बसून वाचली, या विचाराने तो दोनदा वाटेतच थांबला. आज ती बेकरीवाल्याला चावी देऊन टाकणार, आणि पडद्यामागच्या त्या खुर्चीत आपण स्वतः तिला नेऊन बसवणार, असंच त्याला वाटत होतं.

दुकानात नेहमीपेक्षा गर्दी होती. तिघीचौघी बायका, एक निवृत्त शिक्षक, एक शिंपी. प्रत्येकाच्या हातात फोन आणि चेहऱ्यावर दाबलेलं हसू. सासूबाई गल्ल्यामागे ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी बोटानेच त्याला आत बोलावलं आणि आपल्या शेजारी, सगळ्यांच्या समोर, उभं केलं.

“हेच ते,” त्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या. “विचारा काय विचारायचं ते.”

शिंपी पुढे सरकला. “इस्त्रीची वायर खरंच एवढी आखूड आहे? मला घ्यायचीच होती.”

शेरेबहाद्दरने घसा साफ केला. “म्हणजे तशी... ठीकच आहे. प्रत्येकाच्या गरजेवर असतं.”

“आणि टोस्टर?” एका बाईने विचारलं.

“चांगला आहे. तसा चांगलाच म्हणायचा.”

“लिहिताना बरी जीभ चालते,” सासूबाई म्हणाल्या. “बोलताना कुठे जाते?”

शिक्षक खो खो हसले. शेरेबहाद्दरचे कान तापले. जगातल्या वस्तूंना बेधडक झोडपणारा हा माणूस, आणि समोर जिवंत माणूस आला की याची बोबडी वळते, हे आता सगळ्या रस्त्याला कळलं होतं. त्याने मान खाली घातली. “आई,” तो हळू म्हणाला, “बाकीच्याचं मला काही नाही. पण स्टुलाचं मी लिहायला नको होतं. माझं चुकलं.”

सासूबाई काही बोलणार तोच बेकरीवाला आत आला. त्याच्या हातात माप घ्यायची टेप होती. अंगाला लोण्याचा वास, तोंडावर हळहळ.

“आत्ताच वाचलं मी,” तो म्हणाला. “फार वाईट वाटलं. ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आजकाल मोठ्या माणसांबद्दल कुणाला काही वाटत नाही.” त्याने शेरेबहाद्दरकडे एक तिरपा कटाक्ष टाकला. “साहेब म्हणजे देवमाणूस होते. त्यांच्या हातच्या वस्तूला नावं ठेवायची?”

“देवमाणूस,” सासूबाई म्हणाल्या.

“अगदी. शांत, समजूतदार. कुणाला दुखवलं नाही कधी.”

“आणि स्टूल?”

“स्टूल म्हणजे काय, अप्रतिम. असं काम आता होत नाही.”

सासूबाई उठल्या. भिंतीवरून एक स्टूल काढलं, झटक्यात उघडलं आणि बेकरीवाल्यासमोर ठेवलं. “बसा,” त्या म्हणाल्या.

“मी जरा घाईत...”

“बसा हो. देवमाणसाच्या हातचं आहे.”

बेकरीवाला बसला. स्टूल उजवीकडे गेलं. त्याने सावरून घेतलं तसं ते पुढे गेलं. टेप सांभाळत, पाय रोवत, चेहऱ्यावरची हळहळ ढळू न देता तो म्हणाला, “उत्तम आहे.” एवढं बोलून होतं न होतं तोच स्टुलाने मागे झोका घेतला आणि त्याने घाबरून शिंप्याचा सदरा धरला.

सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. शेरेबहाद्दरला आधी वाटलं, त्यांना हुंदका आला. पण त्या हसत होत्या. गल्ला धरून, वाकून, श्वास लागेपर्यंत हसत होत्या. बायको त्याच वेळी दारात पोचली होती. आईला तसं बघून ती उंबऱ्यातच थांबली आणि तिने तोंडावर हात धरला.

“हलतं ते,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पहिल्यापासून हलतं. पहिलं स्टूल घरी आणलं तेव्हाच मी म्हटलं होतं, अहो, हे हलतंय. तर मला म्हणाले, स्टूल सरळ आहे, जमीन वाकडी आहे. गिऱ्हाइकं परत घेऊन आली की हा माणूस जमिनीची पातळी बघायची पाणसळ घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि त्यांची जमीन वाकडी आहे हे त्यांना दाखवून यायचा. दाखवून! लोक बिचारे स्टूल ठेवून घ्यायचे आणि फरशी बदलायची म्हणायचे.”

“माझ्या घरी आले होते,” शिक्षक म्हणाले. “चहासुद्धा प्याले नाहीत, इतके रागावले होते.”

“आमच्याकडे तर ओट्याचंही माप घेतलं,” एक बाई म्हणाली. “तोही वाकडा निघाला.”

आता सगळेच बोलायला लागले. कुणाशी सासऱ्यांनी वॉरंटीवरून वाद घातला होता, कुणाला पंखा चुकीचा पुसतेस म्हणून झापलं होतं. वर्षभर ज्यांनी याच दुकानात येऊन ‘फार भला माणूस’ म्हणत मान हलवली होती, तेच आता एकमेकांचं तोडून आपापली भांडणं सांगत होते. सासूबाई ऐकत होत्या, मध्येच दुरुस्त करत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढत होता.

“वर्षभर मी एकच ऐकतेय,” त्या शेरेबहाद्दरकडे वळून म्हणाल्या. “देवमाणूस, देवमाणूस. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, मी संसार केला तो दुसऱ्याच कुणाशी तरी. मला त्या देवमाणसाची नाही हो आठवण येत. मला आमच्या ह्यांची येते. तुम्ही लिहिलंत ना, कुणाचं ऐकलं नसावं म्हणून, ते वाचलं आणि मला धस्स झालं. हे आत्ता मागच्या खोलीतून पाणसळ घेऊन बाहेर येतील असं वाटलं.”

शेरेबहाद्दरचे डोळे भरून आले. “मलाही त्यांची आठवण येते,” तो म्हणाला, आणि या वाक्यापुढे त्याला कसलाच शेरा सुचला नाही.

“येणारच. आणि दर वेळी उत्तम उत्तम म्हणत बसायचात ते त्यांना पटायचं नाही बरं का. मला म्हणायचे, जावई खोटं बोलतो, पण पोरगा चांगला आहे.”

बायको आत येऊन आईला बिलगली. बेकरीवाला एव्हाना उभा राहिला होता. टेप गुंडाळत तो म्हणाला, “मग ताई, मापाचं...”

“मापं नका घेऊ,” सासूबाई म्हणाल्या. “दुकान माझं आहे आणि ते चालू राहणार आहे. आणि हे स्टूल हवं असेल तर सांगा, बेकरीत ठेवायला. तुमची जमीन कशी आहे?”

बेकरीवाल्याने टेप खिशात कोंबली. तो गेला, आणि शिंप्याने आखूड वायरची इस्त्री बांधून मागितली. आपल्या दुकानात प्लग टेबलाला लागूनच आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

गर्दी ओसरली तेव्हा शेरेबहाद्दर लॅपटॉप उघडून बसला. कुठे बसला? दुसरी जागाच नव्हती. डाव्या पायावर जोर देत, भिंतीला खांदा लावून स्टुलावर बसला. सासूबाईंनी फर्मान काढलं. कंपन्यांच्या वस्तूंवरचे शेरे पुसायचे, कारण त्या लोकांशी धंदा करायचा होता आणि त्यांना हसता येतं की नाही ते ठाऊक नव्हतं. स्टुलाचा शेरा मात्र अक्षरही न बदलता ठेवायचा.

“आणि त्याच्याखाली माझं लिहा,” त्या म्हणाल्या. “मी सांगते तसंच. मध्ये तुमची अक्कल नको.”

“सांगा.”

त्यांनी थोडा विचार केला. बायको पदराने, म्हणजे आईच्याच पदराने, डोळे टिपत होती. सासूबाई भिंतीवरच्या स्टुलांकडे बघत सावकाश सांगू लागल्या आणि तो टाइप करू लागला.

‘बनवणाऱ्याचं म्हणणं होतं की स्टूल सरळ आहे आणि जमीन वाकडी आहे. माझं म्हणणं होतं की स्टूल हलतं. लग्न झाल्यापासून हा वाद चालू होता. मी हरत नव्हते आणि ते ऐकत नव्हते.’

“झालं?” त्याने विचारलं.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पुढे लिहा. भांडण अर्ध्यावर टाकून गेले.”

त्याने तेवढंच लिहिलं.